बसून काम करूनही थकवा का येतो?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बसून करायची, दोन वेळचं जेवण नीट, तरी दुपारी चारनंतर अंगात त्राण उरत नाही; मग ऊर्जा जाते कुठं? मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गातही दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात मोबाइलची बॅटरी असते. वापरली, संपली, चार्जिंगला लावली. शरीराचं तसं नाही.

पेशी ज्याच्यावर चालतात ते एटीपी नावाचं रसायन कोणत्याही क्षणी शरीरात जेमतेम ५० ते १०० ग्रॅम असतं. ते खर्च होतं आणि लगेच पुन्हा तयार होतं, इतक्या वेगानं की दिवसभराची उलाढाल साधारण आपल्या वजनाइतकी भरते. स्नायूंतलं एटीपी खरंच संपलं तर काय होतं? मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठरतो, तो त्यामुळेच. शर्यत संपवून कोसळलेल्या धावपटूच्या स्नायूंतही ते बऱ्यापैकी शिल्लक असतं. म्हणजे साठा संपायच्या कितीतरी आधीच ब्रेक लागलेला असतो.

तो ब्रेक बराचसा मेंदूच्या हातात आहे. २००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलपटूंना पिष्टमय पदार्थाचं द्रावण नुसतं तोंडात खळखळून थुंकायला लावलं. पोटात काही गेलं नाही, तरी तासाभराची चाचणी त्यांनी साध्या पाण्यानं चूळ भरली होती त्यापेक्षा जवळपास ३ टक्के लवकर संपवली. स्नायूंना काहीच मिळालं नव्हतं. ‘अन्न येतंय’ ही बातमी तेवढी मेंदूला पोचली होती. हा प्रयोग शिकवताना मला दरवर्षी नव्यानं आनंद होतो.

तेव्हा ऊर्जा कुठं गेली हे शोधण्याऐवजी मेंदूला कोणती बातमी मिळतेय ते बघा. एक बातमी जागरणाची. जागेपणी मेंदूत अडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप दाटते. चहातलं कॅफिन ते काढून टाकत नाही, अडिनोसिन जिथं चिकटतं ती जागा फक्त अडवून बसतं. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. मग झोप उथळ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

दुसरी बातमी उन्हाची, ती आम्हा नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं. घामानं रक्तातलं पाणी घटतं. तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतणं हे एरवी काही काम नव्हे, पण मे महिन्यात तेवढ्यानंच दम लागतो.

पण याच उन्हानं आमच्या घरात फसवणूक केली. माझी वहिनी एका उन्हाळ्यात सारखी दमायला लागली. ‘उन्हानं होऊन राहिलं, पन्हं पी,’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. दवाखान्यात रक्त न तपासता टॉनिक लिहून दिलं. पावसाळा लागला, ऊन गेलं, थकवा तिथंच. ऑगस्टमध्ये एकदा भाजीची पिशवी घेऊन ती जिन्याच्या मधल्या पायरीवर खाली बसली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरी फटक होती. हिमोग्लोबिन निघालं ७.४. बाईचं १२च्या वर हवं.

रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर एटीपी बनवण्याचा वेग टिकत नाही, आणि हृदय धावत सुटतं. लोह तर पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेलाही लागतं. म्हणून कधी कधी हिमोग्लोबिन ठीक असूनही, लोहाचा साठा आटला की माणूस गळून जातो.

तेव्हा थकवा दोन-तीन आठवड्यांवर टिकला असेल तर डॉक्टरांना सांगून सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, त्याचीही तपासणी करा. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. जेवणासोबत चहा घेत असाल तर तो तासभर पुढं ढकला, चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पोह्यांवर लिंबू मात्र जरूर पिळा, त्यानं लोह शोषायला मदत होते.

आणि एक सांगा. सात-आठ तास झोपून उठल्यावरही अंग तसंच जड असतं का? घोरता का? उत्तर ‘हो’ असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही पाहावं लागेल. इथं खाली लिहा, मी वाचते.