आधी दुसऱ्याची कविता

प्रिय पोरी,

तुझा निरोप वाचला. बैठकीला माणसं कमी येतात, तेव्हा ज्याला त्याला स्वतःच्याच कविता म्हणू द्यायच्या का, माइक आणायचा का, व्हिडिओ टाकायचे का, असं विचारलंयस. माइक हवा तर आण, व्हिडिओही टाक. मी भांडेन ते एकाच गोष्टीवरून. येणाऱ्यानं आधी दुसऱ्याची कविता वाचायची. मोठ्यानं, पूर्ण. मग स्वतःची.

हा नियम सुटला की काय होतं ते मी इतर ठिकाणी पाहिलंय. जो तो आपल्या पाळीची वाट बघत वही चाळत बसतो आणि आपलं वाचून झालं की चपला शोधतो. टाळ्या भरपूर होतात. ऐकत कुणीच नसतं.

मर्ढेकर तू वाचलेत, पण डोळ्यांनी. ती पिपातल्या उंदरांची कविता एकदा मोठ्यानं वाच. ओळीला सोळा मात्रा, आठ-आठांचा ठेका, साधं पादाकुलक वृत्त. अंगावर काटा आणणारा मजकूर आणि चाल पोरांनी टाळ्या वाजवत म्हणावी अशी! हे जिभेला कळतं, डोळ्यांना निसटतं. तुझ्या मुक्तछंदातल्या ओळी मध्येच का लंगडतात, तेही तुला असंच कळेल. मी सांगून कळणार नाही.

रविकिरण मंडळाचा, त्या कवींच्या गटाचा, दाखला दिलास. खरं आहे, 1923 साली पुण्यात ती मंडळी आपापल्या कविता घेऊन बसत. पण त्यांच्यातल्या माधव जूलियनांनी पुढे ‘छंदोरचना’ हा मराठी वृत्तांवरचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्यांच्या कविता वर्षानुवर्षं कानात घोळल्याशिवाय असा ग्रंथ होतो का? आणि बहिणाबाई! त्या कविता म्हणायच्या आणि घरातलं माणूस त्या उतरवून घ्यायचं. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यावर. ऐकणारं कुणी नसतं तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं, सांग.

या नियमापायी माझा एक जवळचा मित्र उठून गेला. गझल फार सुरेख लिहायचा. “माझ्या कवितेआधी दुसऱ्याची कशाला?” म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. त्याची उणीव मला अजून सलते. तरी नियम बदलला नाही, आजही बदलणार नाही. लोक हेकट म्हणाले. म्हणू देत. इतकी वर्षं बैठक चालली ती या हेक्यामुळेच, असं मी मानतो.

माणसं कमी येतात म्हणून एवढी घाबरतेस कशाला? चौघं आली तर चौघांत वाच. तुझी कविता चांगली आहे की नाही, हेही मला विचारू नकोस. दुसऱ्यांच्या शंभर वाच, मग विचार.

पुढच्या बैठकीला इंदिरा संतांची एखादी कविता निवड. आधी घरी दोनदा मोठ्यानं वाचून ये, आणि सुरुवात तूच कर.

तुझा,
काका