वडिलांची पद्मिनी आणि आईंचे चोवीस लाख

एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी 47 वर्षांचा असून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. घरकर्जाचा हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला दहा-बारा हजार शिल्लक राहतात. बाबांचे इतवारीत कापडाचे दुकान होते. त्यांनी 1984 मध्ये फिकट निळी प्रीमियर पद्मिनी घेतली. दर मे महिन्यात आई-बाबा, आजी आणि आम्ही तिघे भावंडे त्या गाडीतून चिखलदऱ्याला जात असू. कोंढाळी ओलांडली की गाडी हमखास बंद पडत असे. मग आई पाण्यात भिजवलेला पंचा बाबांच्या हातात देई आणि आम्ही झाडाखाली बसून डब्यातल्या पुऱ्या खात असू. 1997 मध्ये माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी बाबांनी गाडी विकली. तीच गाडी, त्याच नंबरची, मला कामठी रोडजवळच्या एका गॅरेजमध्ये सापडली आहे. मालक पावणेदोन लाख मागतो आणि मेकॅनिक दुरुस्तीचा खर्च चार लाख सांगतो. अशा गाड्यांची किंमत वाढतच जाणार, त्यामुळे ही गुंतवणूकच आहे, असे मालकाचे म्हणणे आहे.

बाबा अडीच वर्षांपूर्वी गेले. आईच्या नावे 24 लाखांच्या मुदत ठेवी होत्या. बँकेतल्या साहेबांनी घरी येऊन त्या मोडल्या आणि एका चांगल्या योजनेत वळवल्या: वर्षाला 6 लाख, पाच वर्षे, आणि दहाव्या वर्षी 50 लाख करमुक्त. दोन हप्ते भरले आहेत, बाकीचे 12 लाख आईच्या बचत खात्यात आहेत. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. या वर्षी ते पैसे गाडीला वापरून हप्ता पुढच्या वर्षी भरला तर चालेल का? आई 73 वर्षांची आहे. तिचा महिन्याचा पंधरा हजारांचा खर्च मीच करतो, त्यामुळे तिला पैशांची गरज नाही."

पाच वर्षे दरवर्षी 6 लाख म्हणजे 30 लाख होतात. तुमच्या आईंकडे 24 लाख होते. चौथा हप्ता भरला की खाते रिकामे होईल आणि पाचवा हप्ता कोठून आणायचा, याचे उत्तर पत्रात कोठेही नाही. ठेवींचा आकडा समोर असताना ज्या माणसाने ही योजना गळ्यात मारली, त्यालाही ही वजाबाकी दिसत होती. गाडीविषयी मी लिहिणारच आहे, पण पुढच्या महिन्यात 6 लाख रुपये खात्यातून निघून जाण्याआधी तुम्हाला हे समजणे अधिक निकडीचे आहे.

ही "योजना" म्हणजे आयुर्विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या छायाचित्रात दोन रकाने दिसतात. एकात वार्षिक परतावा 4 टक्के धरला आहे आणि दुसऱ्यात 8 टक्के, आणि दोन्हींच्या खाली हे आकडे हमीचे नाहीत, असे बारीक अक्षरांत छापले आहे. साहेबांनी सांगितलेले 50 लाख हे 8 टक्क्यांच्या रकान्यातले आहेत. शेजारच्या रकान्यात 36 लाख आहेत आणि त्यांचा उल्लेख घरी झालेला दिसत नाही. हप्ते पाच वर्षांत विभागलेले असल्यामुळे तुमचा प्रत्येक रुपया कंपनीकडे सरासरी आठ वर्षे राहतो. 30 लाखांचे आठ वर्षांत 36 लाख झाले तर वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्के सुटतात, आणि आशेच्या रकान्याप्रमाणे 50 लाख झाले तरी साडेसहा टक्क्यांच्या आसपासच. मोडलेल्या मुदत ठेवी सात टक्क्यांच्या आसपास देत होत्या. म्हणजे सगळे मनासारखे घडले, तरीही ठेवी तशाच राहिल्या असत्या तर तुमच्या आई वयाच्या 81 व्या वर्षी जेथे असत्या, त्याहून मागेच असतील.

"करमुक्त" हेही खरे नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता एकूण 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेतील नफा करपात्र असतो; मृत्यूनंतर वारसांना मिळणाऱ्या रकमेला मात्र हा नियम लागू नाही. तुमची पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची आहे आणि हप्ता 6 लाखांचा आहे. विकणाऱ्याला हा नियम माहीत नसेल तर त्याने पॉलिसी विकायला नको होती, आणि माहीत असेल तर त्याने एका नुकत्याच विधवा झालेल्या बाईंशी खोटे बोलून सह्या घेतल्या. या व्यवसायात इतकी वर्षे काढूनही अशी पत्रे शांतपणे वाचणे मला जमत नाही.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त टोचले. 24 लाखांच्या ठेवींवर महिन्याला सुमारे 14 हजार व्याज येत होते आणि आईंचा खर्च 15 हजार आहे, हा योगायोग नव्हे. दुकानदारीतून निवृत्तिवेतन मिळत नाही, म्हणून तुमच्या वडिलांनी पत्नीसाठी ती सोय स्वतः करून ठेवली होती. ती मोडली गेली, म्हणून आज त्यांचा खर्च तुमच्या पगारातून चालतो. त्यांना पैशांची गरज नाही असे तुम्ही लिहिता, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही त्यांना आता मुलाकडे मागावे लागते, एवढाच त्याचा अर्थ होतो. तुम्ही आनंदाने देत असाल याबद्दल मला शंका नाही. मागण्याची वेळच येऊ नये, अशी तजवीज मात्र त्यांच्या पतीने केलेली होती.

आता हप्त्याचे. यंदाचा हप्ता चुकवून पुढच्या वर्षी भरता येईल, अशी ही सोय नाही. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर पॉलिसीचे पूर्ण संरक्षण राहत नाही आणि पुन्हा सुरू करायची तर थकबाकी व्याजासह भरावी लागते. माझा सल्ला असा की तिसरा हप्ता भरूच नका आणि ते पैसे गाडीलाही लावू नका. आईंना बरोबर घेऊन या आठवड्यात बँकेत जा, हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची परवानगी लेखी अर्जाने रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. फोनवर सांगून भागवू नका.

त्यानंतर पॉलिसीच्या जाडजूड पुस्तिकेच्या मागे जोडलेली प्रस्तावअर्जाची प्रत काढा आणि प्रस्तावकाच्या, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्या आईंच्या, वार्षिक उत्पन्नाचा रकाना वाचा. आईंचे उत्पन्न व्याजाचे, म्हणजे वर्षाला फार तर पावणेदोन लाख होते. एवढ्या उत्पन्नावर 6 लाखांचा वार्षिक हप्ता कोणतीही कंपनी सहसा मंजूर करणार नाही, तेव्हा त्या रकान्यात कोणीतरी आठ-दहा लाख लिहिले असावेत आणि व्यवसाय म्हणून घरी नसलेला एखादा धंदाही लिहिला असावा. तसे असेल तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो जोडून विमा कंपनी आणि बँक या दोघांकडे लेखी तक्रार करा आणि भरलेले 12 लाख परत मागा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येते; नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात, मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात अर्ज करावा लागतो.

लोकपालांकडेही यश आले नाही, तर कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: पॉलिसी आज परत केली तर किती मिळतील, आणि एकही हप्ता न भरता तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील. दोन हप्त्यांनंतर परत केल्यास भरलेल्या रकमेच्या 30 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार, ही साधारण किमान रक्कम समजा. प्रत्यक्षात अधिक मिळू शकते. उरलेल्या आठ वर्षांचे व्याज धरण्यासाठी आजचा आकडा दुप्पट करून पाहा, आणि मुदतीअखेरचा आकडा त्याहून बराच मोठा नसेल तर बाहेर पडा, कारण पैशांची गरज आईंना आज आहे. एकच खबरदारी घ्यावी लागेल. पॉलिसीत विमा तुमच्या जिवाचा आहे, 60 लाखांचा. घरकर्ज आणि अकरावीतली मुलगी असताना ते संरक्षण सोडून चालणार नाही, म्हणून ही पॉलिसी संपवण्याआधी तेवढ्याच रकमेचा साधा मुदतीचा विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, घ्या. तब्येत ठीक असेल तर तो वर्षाला वीस-पंचवीस हजारांत मिळायला हवा. ज्या संरक्षणासाठी आईंचे 6 लाख जात होते, त्याची खरी किंमत एवढीच आहे.

बचत खात्यातले 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, आईंच्याच नावे, टपाल कार्यालयात किंवा बँकेत ठेवा. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 24,600 रुपये, म्हणजे महिन्याला 8,200 त्यांच्या खात्यात येतील, आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे टिकतो. ही रक्कम आली की आईंच्या खर्चातला तुमचा वाटा पंधरा हजारांवरून सात हजारांच्या खाली येईल. हा सुटलेला आठ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, कारण गाडीचे पैसे त्यातून निघणार आहेत.

गाडी ही गुंतवणूक आहे, हे मालकाचे म्हणणे विसरून जा. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईत पद्मिनी टॅक्सींचे युग संपले, तेव्हापासून प्रत्येक गॅरेजवाल्याला आपल्याकडे ठेवा आहे असे वाटू लागले आहे. परंतु फियाट 1100 डिलाइट म्हणून 1964 मध्ये आलेली ही गाडी पुढे पद्मिनी नावाने शतक संपेपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत राहिली. ती दुर्मीळ नाही. सरकारी नियमांत व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीची पहिली नोंदणी 50 वर्षांपूर्वीची असावी लागते. तुमची 1984 ची गाडी त्या रांगेत 2034 साली उभी राहील. तोवर तिला फिटनेस तपासणी, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, 20 वर्षांवरील गाड्यांसाठी वाढवलेले 10 हजारांचे शुल्क, पर्यावरण कर आणि 3,416 रुपयांचा तृतीयपक्षी विमा हे सगळे लागू आहे. पावणेसहा लाख घालून ती तुम्ही विकायला काढलीत, तर निम्मे परत आले तरी मी समाधान मानीन.

पण तुम्ही ती विकण्यासाठी घेत नाही आहात, हे पत्राच्या पहिल्या पाच ओळींत स्पष्ट आहे. आमच्याही घरी पद्मिनी होती आणि तो भिजवलेला पंचा मी विसरलेलो नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असे. मे महिन्यात इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नसे. बॉनेट उघडून पंपावर ओला पंचा ठेवायचा, त्यातून वाफ निघताना पाहायची, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे आणि मग चोक ओढून चावी फिरवायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत आणि पुढचे आसन बाकासारखे सलग असल्यामुळे आई-वडिलांच्या मध्ये एक मूल मावत असे, आणि त्या जागेसाठी आम्हा भावंडांत कोंढाळीपासून परतवाड्यापर्यंत भांडणे चालत. घाट सुरू झाला की वडील गाणे बंद करायला सांगत आणि सगळे गप्प होत. अशा गाडीसाठी माणसाने पैसे खर्च केले तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. फक्त तो खर्च आहे असे मान्य करून, स्वतःच्या खिशातून करावा.

म्हणून आधी कागद पाहा. नोंदणीपुस्तक कोणाच्या नावावर आहे, ते मालकाला विचारा आणि त्यातला चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून घ्या. त्या काळी अनेक गाड्या नुसत्या सह्यांवर विकल्या गेल्या आणि हस्तांतर झालेच नाही. गाडी अजूनही तुमच्या बाबांच्या नावावर निघाली, तर वारसांच्या नावे करण्यासाठी 31 क्रमांकाचा अर्ज आहे, आणि मग पावणेदोन लाख मागण्याचा मालकाचा जोरही बराच उतरेल. कागदच नसतील तर भंगाराच्या भावापलीकडे एक रुपयाही देऊ नका.

कागद ठीक असतील तर बहीण-भावाला फोन करा. मागच्या आसनावर तुम्ही तिघे होता. पावणेदोन लाखांचे तीन वाटे म्हणजे प्रत्येकी 58 हजार, आणि भाव थोडा उतरला तर पन्नासच. तुमचा वाटा पाच-सहा महिन्यांच्या शिल्लकीत बसतो. वैयक्तिक कर्ज काढू नका. पावणेसहा लाखांचा 12 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता बारा हजारांवर जातो आणि तुमची सगळी शिल्लक खातो. चार लाखांची दुरुस्तीही एकदम करण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षी ब्रेक, वायरिंग, पेट्रोलची टाकी आणि इंजिन चालू होण्यापुरते काम करा. पत्र्याचे काम आणि तो फिकट निळा रंग नंतर. आईंच्या खर्चातून सुटणारे महिन्याचे आठ हजार म्हणजे वर्षाला जवळजवळ एक लाख होतात, तेवढ्यात हे काम साधारण चार वर्षांत पुरे होईल, आणि त्या वेळी तुमच्या आई 77 वर्षांच्या असतील.

बँकेत जाण्याच्या दिवशी परतताना त्यांना कामठी रोडच्या त्या गॅरेजवर घेऊन जा. अर्ज त्यांच्या सहीचा आहे, त्यामुळे त्यांना बाहेर पडावेच लागणार आहे.