रक्त थांबवायचा डबा: त्यात काय हवं आणि काय नको

वाचक विचारतात, सिस्टर सांगतात

प्रश्न: सिस्टर, आमची घाटकोपरची जुनी सोसायटी. मध्यंतरी एका फ्लॅटमधे खिडकीची काच बसवताना ती फुटली आणि कारागिराचा हात मनगटाच्या वर चांगलाच कापला. वॉचमनकडचा फर्स्ट एड बॉक्स उघडला तर त्यात बाम, डेटॉल, चिकटपणा गेलेल्या पट्ट्या आणि एक थर्मामीटर. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टॉवेल गच्च दाबून धरला आणि तसंच रिक्षाने नेलं, आता तो बरा आहे. कमिटीने ठरवलंय नीट किट करायचं पण ऑनलाइन लिस्ट बघितल्या तर संपतच नाहीत. नक्की काय घ्यावं? (सोसायटीचे सेक्रेटरी)

उत्तर: आधी त्या काकूंना माझा नमस्कार सांगा, कारण जे किटने करायचं असतं ते त्यांनी टॉवेलने केलं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि मोठी धमनी कापली गेली तर माणूस वाचवायला काही मिनिटंच मिळतात, १०८ ला फोन तर करायचाच पण संध्याकाळी एलबीएस रोडवर अँब्युलन्स कशी सरकते ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे मधली मिनिटं तुमची. आणि त्या मिनिटांत एकच काम, दाबणं. डेटॉल, बीटाडीन, मलम हे सगळं नंतरचं, जंतू मारायला हॉस्पिटल आहे.

तेव्हा डब्यात दाबायचं सामान भरा. सगळ्यात जास्त गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार सुती कापड, आणि तो भरपूर म्हणजे खरंच भरपूर, छोटे चौकोनी तुकडे नकोत, लांब रोल हवेत, कारण खोल जखमेत गॉज बोटाने आत भरावा लागतो, जिथून रक्त येतंय तिथपर्यंत, जखम पूर्ण भरेपर्यंत, आणि मग वरून दोन्ही हातांनी अंगाचं वजन टाकून दाबायचं. माणूस ओरडेल, ओरडू दे. हे हात, पाय, जांघ, काख इथे. छातीत आणि पोटात काहीही कोंबायचं नाही. मान कापली असेल, संक्रांतीत मांज्याने कापते तशी, तर हाताने नेमकं तिथेच दाबून धरा, गळ्याभोवती पट्टी आवळू नका.

रक्त लवकर गोठवणारा गॉजही मिळतो, कायटोसान किंवा काओलिन (एक प्रकारची पांढरी माती) लावलेला. कायटोसान कोळंबीच्या वगैरे कवचापासून काढतात, आणि ॲक्झिओस्टॅट नावाचं अशा प्रकारचं ड्रेसिंग आपल्याकडेच बनतं. चांगली गोष्ट आहे, परवडलं तर एक-दोन ठेवा, पण महागडं एक पाकीट घेऊन साधा गॉज कमी करणार असाल तर माझं मत नाही असंच आहे. तो गॉज टाकला तरी दाबावं लागतंच, त्याच्या पाकिटावर लिहिलेली मिनिटं पाळायची, साध्या गॉजला तर चांगली दहा मिनिटं धरा. मधे उचलून थांबलं का बघायचं नाही, ही सवय सगळ्यांनाच असते आणि त्यानेच धरलेली गुठळी निघते. वरपर्यंत भिजलं तर आणखी थर टाका आणि आणखी जोरात दाबा. काच किंवा सळई रुतलेली असेल तर उपटू नका, तिच्या बाजूने दाब द्या.

बाकी मग: ६ इंची क्रेप बँडेज दोन-तीन, नायट्राइल ग्लोव्ह्ज काही जोड्या, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, टॉर्च, मार्कर पेन, आणि अंगावर घालायला एक चादर किंवा ती चमकणारी फॉइलची शीट, कारण रक्त गेलेला माणूस गार पडतो आणि गार पडला की रक्त गोठणं आणखी बिघडतं. एक टूर्निकेट, म्हणजे हातापायाभोवती दांडीने पिळून आवळायचा पट्टा, त्याबद्दल खाली. हे सगळं प्रिन्सेस स्ट्रीटच्या नाहीतर केईएम हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत बघा, टूर्निकेट सोडून बहुतेक सामान सोसायटीच्या वर्गणीत आरामात बसेल. आणि मुंबईची हवा लक्षात ठेवा, पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, ग्लोव्ह्ज एकमेकांना चिकटतात, म्हणून सगळं झिपच्या पिशव्यांमधे, जूनच्या आधी एकदा तारखा तपासायच्या. डब्याला कुलूप लावू नका, प्लीज. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला, हे मी खूप बघितलंय.

प्रश्न: मी रोज मुलुंड ते अंधेरी बाइकने जातो म्हणून बॅगेत टूर्निकेट ठेवायचं म्हणतोय, पण मामा म्हणतात ते बांधलं की पाय कापावाच लागतो. खरं आहे का? आणि ऑनलाइन इतकी स्वस्त दिसतात ती चालतील? (एक बाइकवाला)

उत्तर: मामांचं पूर्वीच्या पुस्तकांप्रमाणे बरोबर आहे, तेव्हा टूर्निकेट म्हणजे अगदी शेवटचा उपाय असंच शिकवायचे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत सैनिकांवरचा अनुभव बघून ते मत बदललं, आणि २०१५ मधे अमेरिकेत सामान्य लोकांना हे शिकवायला स्टॉप द ब्लीड नावाची मोहीमच सुरू झाली. साधारण दोन तासांच्या आत सर्जनच्या हातात पेशंट गेला तर फक्त पट्ट्यामुळे पाय जाण्याची भीती फार कमी असते, उलट धमनीतून रक्त उडत असताना बांधलं नाही तर माणूसच जातो.

फक्त हातापायाला, जखमेच्या दोन-तीन इंच वर, कोपर आणि गुडघ्यावर नाही. दांडी फिरवायची ती रक्त थांबेपर्यंत, दुखेल, भयंकर दुखेल, त्याचा अर्थ चुकलं असा नाही. अर्धवट आवळलेला पट्टा सगळ्यात वाईट, शिरा बंद होतात, धमनी चालू राहते आणि रक्त वाढतं. वेळ मार्करने पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहा आणि हॉस्पिटलपर्यंत सैल करू नका. साप चावला तर मात्र हे अजिबात बांधायचं नाही.

स्वस्त नकली नको. कॅट नावाचा जो टूर्निकेट प्रसिद्ध आहे त्याची हुबेहूब नक्कल मिळते, ऐन वेळी दांडी वाकते नाहीतर शिलाई उसवते. ऑथोराइज्ड विक्रेत्याकडून घ्या आणि सरावाला दुसरा ठेवा. उन्हात डिकीत महिनोन् महिने टाकू नका. कमरेच्या बेल्टवर भरवसा ठेवू नका, तो पुरेसा आवळतच नाही. काहीच नसेल तर ओढणीसारखं रुंद कापड आणि मजबूत काठी. दोरी, वायर नको, ती मांसात रुतते.

प्रश्न: आमच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. विळीवर बोट कापलं तरी थांबत नाही. सासूबाई हळद भरतात. (दादरहून एक सून)

उत्तर: अशा गोळ्यांवर रक्त थांबायला वेळ लागतो, घाबरू नका, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धरा, हात उंच ठेवा, तरी चालूच राहिलं तर डॉक्टरांकडे. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत हे महत्त्वाचं. गोळ्यांची नावं लिहून ती चिठ्ठी डब्यातच ठेवा. हळद भाजीत छान, सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा, मोठ्या जखमेतली हळद, कॉफी पावडर आम्हाला आधी धुऊन काढावी लागते आणि तोवर रक्त चालू.

प्रश्न: रस्त्यावर मदत केली आणि पोलीस मागे लागले तर? (नाव नको)

उत्तर: २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. फक्त निघण्याआधी कॅज्युअल्टीत सांगून जा, पट्टा किती वाजता बांधला आणि जखमेत गॉजचे किती रोल भरलेत, कारण ते मोजूनच बाहेर काढायचे असतात.