पालथ्या हाताने डंबेल जड का लागतो?

तुम्ही विचारलंय, "तळहात उताणा ठेवून 12 किलोचा डंबेल उचलतो, पालथ्या हाताने मात्र 8 किलोलाच दम लागतो. बायसेप तर तोच ना?"

तोच, पण हात पालथा असला की त्याला पूर्ण जोर लावता येत नाही. मी डॉक्टर नाही, कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे. दंड दुखायला लागला तेव्हा फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे हातावरच दाखवलं होतं.

उजवा कोपर काटकोनात दुमडा, तळहात पालथा ठेवा, डाव्या हाताची बोटं बेटकुळीवर. आता कुणाला तरी पंजा धरून अडवायला सांगा आणि तो जोर लावून उताणा करायला बघा. कोपर जागचा हलत नाही, तरी बेटकुळी टणक! म्हणजे हात दुमडण्याइतकंच पंजा उताणा करणं हेही तिचं काम. उजव्या हाताने स्क्रू आवळताना नेमकं हेच वळण लागतं. माझा उजवाच दंड का दुखायचा, ते तेव्हा कळलं.

बायसेपला वरच्या बाजूला दोन डोकी, नावाचा अर्थही तोच. दोन्ही खांद्याच्या फऱ्यावरून निघतात, दंडाच्या हाडाला कुठेच न चिकटता कोपर ओलांडतात आणि अंगठ्याकडच्या हाडाला जोडतात. हेच हाड फिरलं की पंजा फिरतो. हात पालथा असताना बायसेपचं टोक त्या हाडाभोवती भोवऱ्याच्या जाळीसारखं गुंडाळलं जातं. ओढ लागली की जाळी सुटते, हाड फिरतं. गुंडाळलेल्या अवस्थेत कोपर दुमडायला त्याला नीट ओढ घेता येत नाही.

मग पालथ्या हाताने वजन उचलतं कोण? बरंचसं बायसेपखाली दडलेला ब्रेकिअलिस. तो करंगळीकडच्या हाडाला जोडलेला असतो. ते हाड पंज्याबरोबर फिरत नाही, त्यामुळे तळहात कसाही असो, त्याची ओढ तीच.

(लहानपणी सांगलीत तालमीत जायचो तेव्हा वस्ताद नुसते जोर काढायला लावायचे. त्याने दंडाची मागची बाजू, म्हणजे ट्रायसेप तयार होतो. पुढची बेटकुळी दाखवत फिरणाऱ्या पोरांना ते हसायचे.)

तेव्हा 8 किलोचं वाईट वाटून घेऊ नका. कोपर बरगडीला चिकटवून, झोका न देता उचला. आणि मनगट वाकायला लागलं तर वजन उतरवा, पालथ्या हाताला बऱ्याचदा दंडाआधी मनगटच दमतं.