‘सर्व’ खोटं ठरलं, तरी ‘एकही नाही’ खरं ठरत नाही

तुमचा प्रश्न असा : ‘सर्व पक्षी उडतात’ हे विधान खोटं आहे, मग ‘एकही पक्षी उडत नाही’ हे खरं का नाही? तर्कशास्त्राच्या सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडकतात. ही गाठ सुटली की पुढचं बरंच सोपं जातं.

‘सर्व पक्षी उडतात’ खोटं पाडायला एक शहामृग पुरतो. त्याच्यामुळे सिद्ध काय होतं? ‘काही पक्षी उडत नाहीत’, एवढंच. घारी-कावळे तर उडतातच, म्हणून ‘एकही पक्षी उडत नाही’ हेही खोटंच. या दोन विधानांत विरोध आहे, व्याघात नाही. दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात. व्याघात असतो तो विरोध-चौकोनाच्या, म्हणजे चार प्रकारची विधानं चार कोपऱ्यांवर मांडलेल्या आकृतीच्या, कर्णांवर : ‘सर्व आहेत’ आणि ‘काही नाहीत’ (यांची नावं ए आणि ओ), तसंच ‘एकही नाही’ आणि ‘काही आहेत’ (ई आणि आय). या जोड्यांत एक खरं तर दुसरं खोटंच.

‘काही’चा अर्थ इथे ‘निदान एक’. बोलताना आपण ‘काही आले’ म्हटलं की उरलेले आले नाहीत असं ऐकणारा धरून चालतो. तर्कशास्त्रात तसं धरायचं नाही, सगळे आले असले तरी ‘काही आले’ हे खरंच राहतं.

आणि ‘सगळे पक्षी उडत नाहीत’ हे वाक्य परीक्षेत दिसलं तर थांबा. ते ई आहे की ओ? दोन्ही अर्थ निघतात. संदर्भावरून एक ठरवा आणि ‘एकही’ किंवा ‘काही’ वापरून नव्याने लिहा, मगच पुढे जा.

एक गोष्ट मात्र पुस्तकं घाईत उरकतात. ‘उशिरा येणाऱ्या सर्वांना दंड होतो’ हा नियम कुणीच उशिरा आलं नाही तरी मोडत नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत उद्देश्यवर्गात, म्हणजे विधान ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यात, कुणीतरी आहे असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून ‘सर्व’वरून ‘काही’ निघतं. गणितज्ञ जॉर्ज बूलनंतरच्या पद्धतीत ते गृहीत नाही. १८८० मध्ये मांडलेल्या व्हेनच्या आकृत्यांत (एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांत) हे डोळ्यांना दिसतं : ‘सर्व’साठी रिकामा भाग फक्त छायांकित करतात, फुली, म्हणजे ‘इथे कुणीतरी आहे’ ही खूण, कुठेच येत नाही. फुली नाही, म्हणून ‘काही’ काढता येत नाही. उद्देश्यवर्ग रिकामा असेल तर ए आणि ई दोन्ही एकदम खरी ठरतात, आणि चौकोनातले फक्त दोन कर्ण शिल्लक राहतात. तुमचा अभ्यासक्रम यांपैकी कोणती पद्धत मानतो ते आधी पाहा, कारण त्यावर उत्तर बदलतं.