दोन हजार आले का बघताय ते ठीक, पण पीककर्जाच्या 3 टक्क्यांकडे पण बघा

लॉकडाऊन लागल्यापासून फोनवर पिकापेक्षा पैशाचेच प्रश्न जास्त येतायत, त्यात आता जून 2020 लागला, पेरणी तोंडावर आहे आणि हातात कॅश नाही, त्यामुळे सगळ्यांना इथेच उत्तर देतो.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, "साहेब, कोरोनाचे दोन हजार आणि पीएम किसानचे दोन हजार वेगळे का?" वेगळे नाहीत. 26 मार्चला निर्मला सीतारामन यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं त्यात पीएम किसानचा एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडायचं ठरलं, तोच हा हप्ता. केंद्राच्या या योजनेचे शेतकऱ्याला वर्षाचे 6000 आहेत तेवढेच आहेत. बायकोच्या जनधन खात्यात महिन्याला 500 प्रमाणे तीन महिन्यांचे जे येतायत ते मात्र वेगळे आहेत, ते बिनधास्त काढा, तुमच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही.

हप्ताच आला नाही म्हणणाऱ्यांनी आधी बँकेत गर्दी करू नका, पोराच्या मोबाईलवर पीएम किसानच्या साईटवर फार्मर्स कॉर्नरमध्ये बेनिफिशियरी स्टेटस उघडून आधार नंबर टाका. बऱ्याच जणांचं घोडं नावावरच अडतं, पासबुकावर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळू आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग, मग आधार जुळत नाही आणि पैसे थांबतात. तिथेच 'एडिट आधार फेल्युअर रेकॉर्ड' म्हणून ऑप्शन आहे, त्यात आधारवर जसं आहे तसंच नाव टाका, अक्षर इकडचं तिकडं नको. नाहीच जमलं तर आधार, पासबुक आणि आठ-अ ची (जमिनीच्या खात्याचा उतारा) झेरॉक्स घेऊन तलाठ्याकडे जा.

एका ताईंनी विचारलंय, सासरे वारले, त्यांच्या खात्यात हप्ता येतोय तर काढू का? नका काढू ताई. आधी तलाठ्याला कळवा आणि वारस नोंद करून घ्या. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झाली तरी वारसाहक्काने आलेली असेल तर चालते, खरेदीची चालत नाही. आणि नवरा बायको दोघांच्या नावे जमीन असली तरी कुटुंबाला हप्ता एकच.

आता जे कोणीच विचारत नाही ते सांगतो आणि हे मला दोन हजारापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तीन लाखापर्यंतच्या पीककर्जाचं व्याज 7 टक्के, वेळेत भरलं तर 3 टक्के सूट मिळून 4 टक्केच पडतं. ज्यांची भरायची तारीख 1 मार्च ते 31 ऑगस्टमध्ये येते त्यांना यावर्षी 31 ऑगस्टपर्यंत भरलं तरी ही सूट आहे. दीड लाखाच्या कर्जावर वर्षाला 3 टक्के म्हणजे 4500 रुपये, म्हणजे दोन हप्त्यांपेक्षा जास्त, आणि तारीख हुकली की बँक तिच्या नेहमीच्या दराने व्याज लावते. "कर्जमाफी येईल, थांबू" म्हणून कृपा करून बसू नका. पंजाबराव देशमुख योजनेतली राज्याची व्याज सवलत वेगळी, तिची तारीख सोसायटीच्या सचिवाला आजच विचारा.

ट्रॅक्टरच्या हप्त्याला मोरॅटोरियम मिळालंय म्हणून खूश असलेल्यांनी पण ऐका, हप्ता पुढे ढकललाय, व्याजाचं मीटर चालूच आहे, जमत असेल तर भरून टाका.

ज्यांच्याकडे किसान क्रेडिट कार्ड (पीककर्जासाठीचं बँकेचं कार्ड) नाही पण पीएम किसानचा हप्ता येतो, त्यांच्यासाठी एक पानी फॉर्म आहे, त्याला सातबारा आणि पेरणीची माहिती जोडा, 1 लाख 60 हजारापर्यंत काही तारण लागत नाही. सावकाराकडे जायच्या आधी हा फॉर्म बँकेत द्या आणि पोच घ्या. ब्रँचवाले टाळत असतील तर पोच घेऊन मला भेटा, मी बोलतो त्यांच्याशी.