वाचकांचे प्रश्न : बीटा ११० धरायचा की ८००?

प्रश्न : नमस्कार सर, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एलटीस्पाइसमध्ये (सर्किटचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचे कॅरॅक्टरिस्टिक्स काढून त्यावरून सिंगल स्टेज अॅम्प्लिफायर डिझाइन करायला सांगितलंय. पण डेटाशीटमध्ये एचएफई (म्हणजेच बीटा, बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा) ११० ते ८०० दिलाय, सिम्युलेशनमध्ये ३०० च्या आसपास येतो आणि तपकीर गल्लीतून (इथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलेले पीस मल्टिमीटरला लावले तर प्रत्येकाचा वेगळाच. मग फॉर्म्युल्यात कुठला टाकू? आणि एवढा फरक असेल तर सिम्युलेशनचा उपयोग काय? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आधी एक सांगतो, तुझ्या मल्टिमीटरची काही चूक नाही आणि सिम्युलेशनचीही नाही. बीसी ५४७ चे ए, बी, सी असे तीन गट येतात, ए म्हणजे साधारण ११० ते २२०, बी २०० ते ४५० आणि सी ४२० ते ८००, त्यामुळे एकाच पुडीतले दोन पीस वेगळे निघणं अगदी नॉर्मल आहे. एलटीस्पाइसमधलं मॉडेल म्हणजे त्यातला एक ठराविक, सरासरी पीस, बस्. म्हणून बीटा कुठला टाकायचा यापेक्षा बीटा काहीही असला तरी चालेल असं सर्किट कसं बनवायचं हे बघ, आणि कॅरॅक्टरिस्टिक्स त्यासाठीच काढायचे असतात.

बेसला करंट सोर्स लाव, ० ते ५० मायक्रोअँप, १० च्या पायरीने, आणि कलेक्टरचा सप्लाय ० ते १० व्होल्ट स्वीप कर (म्हणजे हळूहळू वाढवत ने). पुस्तकातल्यासारख्या रेषांची जुडी येईल. जर्नलमध्ये प्रिंट चिकटवून बरेच जण इथेच थांबतात पण खरं काम इथून पुढे आहे. डावीकडे ०.२-०.३ व्होल्टपर्यंत रेषा सरळ वर चढतात, ते सॅच्युरेशन (ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलेला), तिथे सिग्नल जाऊ द्यायचा नाही. उजवीकडे रेषा आडव्या दिसतात पण पूर्ण आडव्या नसतात, किंचित चढ असतो. त्या मागे वाढवल्या तर सगळ्या साधारण एकाच ठिकाणी, निगेटिव्ह व्होल्टेजला भेटतात, तो अर्ली व्होल्टेज (जेम्स अर्लीने १९५२ मध्ये हा परिणाम समजावून सांगितला म्हणून ते नाव). समजा तो ६० व्होल्ट निघाला तर १ मिलिअँपला ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ६० के (किलोओहम) च्या आसपास. तुझा कलेक्टर रेझिस्टर ४.७ के असणार, म्हणजे हे ६० के या डिझाइनपुरतं विसरलास तरी चालेल. ग्राफ बघून काय सोडून द्यायचं ते कळणं ही मोठी गोष्ट आहे.

आता दुसरा ग्राफ काढ, जो फारसं कुणी काढत नाही आणि मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बेस-एमिटर व्होल्टेज ०.५ ते ०.७५ स्वीप कर आणि कलेक्टर करंट लॉग स्केलवर बघ. जवळजवळ सरळ रेषा येईल, दर ६० मिलिव्होल्टला करंट दहापट. कुठलाही पीस घे, ए असो की सी, हा उतार तोच राहतो कारण तो भौतिकशास्त्रातून येतो, कारखान्यातून नाही. त्यातूनच एमिटरचा आतला रेझिस्टन्स मिळतो, २५ मिलिव्होल्ट भागिले करंट, म्हणजे १ मिलिअँपला साधारण २५ ओहम. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो, तो यावर काढायचा, बीटावर नाही.

मग डिझाइन असं: सप्लाय १२ व्होल्ट, करंट १ मिलिअँपच्या जवळ, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला ३९० ओहम आणि ८२० ओहम सिरीजमध्ये, बेसला वरून १०० के आणि खाली १८ के. डिव्हायडरमुळे बेसला १.८३ व्होल्ट ठरतात, त्यातून ०.६५ वजा केले की उरलेले एमिटर रेझिस्टरवर. आता मॉडेलची कॉपी करून त्यातला बीएफ हा आकडा (मॉडेलमधला बीटा) पॅरामीटर कर आणि ११०, ३००, ८०० असा स्टेप कर. हिशोबाने करंट ०.८७ ते ०.९६ मिलिअँप येतो, कलेक्टर ७.५ ते ७.९ व्होल्टमध्ये. बीटा सातपट बदलला आणि सर्किटला जवळपास काहीच कळलं नाही! याउलट एमिटर थेट ग्राउंडला जोडून बेसला १२ व्होल्टवरून एकच ३.४ मेगओहमचा रेझिस्टर लावून बघ, बीटा ३०० ला मस्त १ मिलिअँप, ११० ला ०.३७, आणि ८०० ला थेट सॅच्युरेशन. दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी जर्नलला लाव.

तर उपयोग हा आहे. बाजारातून ११० चा आणि ८०० चा पीस तुला मुद्दाम शोधून मिळणार नाही, सिम्युलेशनमध्ये दोन्ही एका मिनिटात मिळतात. तसंच टेम्परेचरही स्टेप कर, बेस-एमिटर व्होल्टेज दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं, २५ डिग्री वाढली की ५० मिलिव्होल्ट, एमिटरवर सव्वा व्होल्टच्या जवळपास असल्यामुळे करंट चार-पाच टक्केच सरकतो.

प्रश्न : मी छंद म्हणून ऑडिओची सर्किट्स करतो. एमिटर रेझिस्टरला पूर्ण बायपास कपॅसिटर (सिग्नलला रेझिस्टर टाळून जाऊ देणारा) लावून एसी अॅनालिसिस केलं, इनपुट १ व्होल्ट, तर आउटपुट १६० व्होल्ट दाखवतंय! सप्लाय तर १२ चाच आहे. सॉफ्टवेअर बिघडलंय का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही हो, सॉफ्टवेअर ठीक आहे. एसी अॅनालिसिस आधी डीसी पॉइंट (सिग्नल नसतानाचे व्होल्टेज आणि करंट) काढतं आणि मग त्या पॉइंटला ट्रान्झिस्टर सरळ रेषेसारखा वागतो असं धरूनच पुढचं गणित करतं, सप्लाय किती, क्लिपिंग (सिग्नलचा शेंडा कापला जाणं) कुठे, हे त्याला ठाऊकच नसतं. तुम्ही १ व्होल्ट दिला म्हणजे आउटपुटचा आकडा थेट गेन म्हणून वाचायचा, १६० पट. त्यातून फक्त गेन आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स बघा. आवाज कसा येईल हे बघायला ट्रान्झिएंट अॅनालिसिसच (वेळेनुसार खरा सिग्नल दाखवणारं) लावावं लागतं.

आणि ऑडिओवाल्यांनी तर ते लावायलाच हवं. पूर्ण बायपास असताना १० मिलिव्होल्ट पीकची शुद्ध साइन द्या आणि एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारा ग्राफ) बघा, सेकंड हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ, जवळपास १० टक्के निघेल, कारण वरच्या उत्तरातली ती दहापटीची रेषा लॉग स्केलवरच सरळ दिसते, साध्या स्केलवर ती वक्र असते आणि सिग्नलला चक्क वाकवते. एसीच्या ग्राफमध्ये याचा पत्ताही लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण बायपास न करता वरच्या डिझाइनमधल्या फक्त ८२० ओहमला कपॅसिटर लावा, ३९० मोकळा ठेवा. गेन ४७०० भागिले ४१७, म्हणजे ११ च्या आसपास, पुढच्या स्टेजचा ४७ के लोड धरला तर १०. गेन कमी झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, डिस्टॉर्शन किती खाली आलं ते त्याच एफएफटीत बघा, आणि इनपुट ३०० मिलिव्होल्ट पीकपर्यंत न कापता जाईल. जास्त गेन हवा तर अशी दुसरी स्टेज जोडा, एकाच ट्रान्झिस्टरला पिळू नका.

कपॅसिटर: ८२० ला १०० मायक्रोफॅरड लावलात तर कटऑफ (ज्याच्या खाली गेन घसरतो ती फ्रिक्वेन्सी) ६ हर्ट्झच्या जवळ येतो, १० लावलात तर ५८, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा खालचा घुमार कमी होईल. इनपुटला १ मायक्रोफॅरड पुरे, इनपुट इम्पीडन्स साधारण १३ के आहे.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, मुलांसाठी फुकटचं काही आहे का? शिवाय काही मुलांच्या सर्किटमध्ये बेसला १ एम चा रेझिस्टर लावला की बेस थेट सप्लायला चिकटतो, सिम्युलेशन एरर देतं किंवा भलतेच करंट दाखवतं. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : मॅडम, आयआयटी बॉम्बेच्या फॉसी प्रकल्पाचं (शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणारा) ईसिम वापरा, ओपन सोर्स आहे, लिनक्सवर चालतं आणि आत एनजीस्पाइस हा ओपन सोर्स सिम्युलेटर आहे, त्यामुळे वरचे सगळे स्वीप त्यातही होतात. आणि रेझिस्टरचं म्हणाल तर स्पाइसमध्ये (१९७३ मध्ये बर्कलेला तयार झालेला मूळ सिम्युलेटर, एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस त्याच्याच घराण्यातले) कॅपिटल आणि स्मॉल अक्षरात फरक नाही, म्हणून एम म्हणजे मिली. मुलं १ मेगओहम समजून १ मिलिओहम लावतायत, बेसला जवळजवळ शॉर्ट! एम च्या जागी मेग असं पूर्ण टाइप करायला सांगा.